कोहकाटोल्याचा दंड

लिहून घे रश्मी, पण आधी तो कागद बाजूले ठेव. चंद्रपूरच्या तुमच्या मंडळाले माह्या नवऱ्याचा सत्कार करायचा आहे, चांगली गोष्ट आहे. शाल द्या, नारळ द्या, माहं काही म्हणणं नाई. पण परिचयाच्या पहिल्याच ओळीत हे काय लिहून आणलं तुमी? 'मूळचे बांगलादेशचे असलेले ज्येष्ठ दूरचित्रवाणी पत्रकार निताई बैरागी.' अगा माय! जनम गेला त्या माणसाचा या जंगलात. इथल्या मलेरियानं त्याले खाल्लं, इथल्या रस्त्यांनी त्याची कंबर मोडली, इथल्या पोट्टीनं त्याच्याशी लगन केलं, अन् तुमी अजून 'मूळचे' धरून बसल्या! बस खाली. चहा घे. मी सांगते तसं लिही.

मी केसर बैरागी. माहेरची मेश्राम, ब्रह्मपुरीची. सरकारी नर्सबाई म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. तोंडानं फटकळ आहे, ते तुले इथी येण्याआधीच कोणी सांगतलं असंल.

निताई खुलन्याकडचा, हे खोटं नाई. बापाच्या खांद्यावर बसून आला. इतका लहान होता का त्याले आपलं गाव आठवतच नाई. आठवते काय, तं रायपूरजवळचा माना कॅम्प अन् तिथी जेवायच्या रांगेत वाजणाऱ्या जर्मनच्या थाळ्या. तिथून ट्रकमधी बसवलं अन् गडचिरोलीकडच्या मुलचेऱ्याच्या जंगलात आणून उतरवलं. जमीन दिली, बैल दिले, सांगतलं, हे तुमचं गाव. पाण्यातली माणसं सागवानात आणून टाकली, बापा! त्याच्या मायनं गाडीतून उतरल्याबरोबर पहिलं काय विचारलं, तं नदी कुठी आहे. कोणी सांगतलं, लय दूर. ती तिथीच पेटीवर बसली अन् संध्याकाळवरी उठली नाई. हे निताईच मले सांगते. ते मात्र त्याले आठवते.

शाळा मराठी. पोट्टे त्याले 'ए मच्छी' म्हणून हाका मारत. पण पोरगा हुशार. मराठी शिकला, पुढं चामोर्शीत एका फोटो स्टुडिओत कामाले लागला. मी नर्सिंगच्या अर्जासाठी फोटो काढाले तिथीच गेली होती. तो म्हणे, "हासू नोका, सोरकारी फोटो आहे." त्याचं ते 'सोरकारी' ऐकून मले असं हसू सुटलं का त्याची अर्धी रीळ वाया गेली. नंतर तो पैसे घ्याले तयार नाई. मी म्हटलं, फुकटचं मी घेत नाई. या भांडणातून लगन झालं, असं समज.

माहे बाबा, वामनराव मेश्राम, छप्पन साली नागपूरले दीक्षाभूमीवर उभे होते. माणूस मोठ्या मनाचा, पण बंगाली जावई म्हटल्यावर त्याहीचंही मन बारीक झालं. "कुठचा कोण, ना गाव ना गोत, मासे खाऊन राहणारा माणूस," म्हणत. मी म्हटलं, "बाबा, तुमी एका दिवसात जुनं सगळं मागं टाकून नवीन माणूस झाले नं? मंग त्यालेही होऊ द्या." बाबांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मंग म्हणे, "त्याले जेवाले बोलाव. मासे तूच कर, तुह्या मायले येत नाई."

माही नोकरी लागली आलापल्लीच्या पलीकडं, कोहकाटोल्याच्या उपकेंद्रात. माडिया आदिवासींचं गाव, चहूकडं जंगल. निताई स्टुडिओ सोडून माह्यासंगं आला. लोकं हासत, बायकोच्या नोकरीवर राहते म्हणून. राहू द्या म्हटलं. लसींचा डबा खांद्यावर घेऊन तो माह्यासंगं पाड्यापाड्यावर फिरला. मी सुया टोचाची, पोट्टे रडाचे, अन् हा त्याहीले माडियातून गोष्टी सांगाचा. माडिया तो माह्या आधी शिकला अन् माह्यापेक्षा चांगली शिकला. ज्याले एकदा आपली भाषा गुंडाळून ठेवा लागली, त्याले दुसऱ्याची भाषा लवकर येते, असं माहं मत आहे.

त्याची एक रीत तिथीच पक्की झाली. कोणत्याही गावात गेला का पहिले गोटुलात जाऊन बसाचा. गोटूल म्हणजे गावाची बसाची-बोलाची जागा, गावाचं काळीजच म्हण. कॅमेरा पिशवीत. पाणी प्याचं, जे देतील ते खाचं, आपण कायले आलो ते सांगाचं, अन् गाव 'हो' म्हणलं तवाच पिशवी उघडाची. "आधी बूड जोमिनीवर, मंग कॅमेरा खांद्यावर," असं त्याचं शास्तर. इतर पत्रकार गाडीतून उतरल्या उतरल्या माइक तोंडात कोंबतात. हा चहा पिऊन ढेकर देईपर्यंत बाकीच्यांच्या बातम्या चालून जात. मी खूप चिडाची. पण जे याले दिसे, ते त्याहीले कधीच दिसलं नाई.

लग्नाचे व्हिडिओ काढता काढता चंद्रपूरच्या केबलवाल्यांसाठी बातम्या पाठवू लागला. कोळशाच्या खाणीतला धूर, वैनगंगेचा पूर, ब्रह्मपुरीकडचे वाघ. मंग मुंबईच्या एका मोठ्या चॅनलनं त्याले धरलं. गडचिरोलीची बातमी आली का समज, आमच्या निताईची आहे. मी साऱ्या दवाखान्याले बोलावून दाखवाची.

पण एक गोष्ट होती, अन् तीच सगळ्या रामायणाचं मूळ आहे. टीव्हीवर त्याची चित्रं दिसत, पण आवाज कधी त्याचा नसे. कॅमेरा त्याचा, पाय त्याचे, ताप त्याचा, अन् आवाज मुंबईत गार खोलीत बसलेल्या एखाद्या पोराचा. याचं तोंड तं कधी दाखवलंच नाई. काऊन? तं याचं मराठी बंगाली वळणाचं. 'जंगल'चं 'जोंगल' होते, 'पाऊस'चं 'पाउश' होते. वर्षांमागून वर्षं गेली. केस पिकले. मी स्वतः पाह्यलं आहे, आरशापुढं पोळ्या लाटाचं बेलणं माइकवानी धरून हा एकटाच म्हणाचा, "गोडचिरोलीहून, निताई बैरागी." मी दारातून पाहाची अन् हासू दाबून मागं फिराची.  एवढीच हाव होती त्या माणसाले. एकदा आपल्या तोंडानं आपली बातमी सांगाची.

आता कोहकाटोल्याची गोष्ट सांगते, ती नीट लिही.

उन्हाळा लागला होता, मोह्याची फुलं पडून राह्यली होती. आमी तवा आलापल्लीत घर केलं होतं. निताई मोह्याची बातमी कराले कोहकाटोल्याले गेला. तिथी असताना रस्त्याच्या बाजूनं वणवा आला. कोणाच्या बिडीनं का कायनं, देव जाणे. सारं गाव धावलं. हिरव्या डहाळ्या तोडून आग झोडपली, पालापाचोळा ओढून जमीन मोकळी केली, म्हातारे-कोतारेही मागं राह्यले नाई. मंगली नावाची बाई आहे तिथी, तिचे हात पार भाजले. निताईनं ते सगळं टिपलं. घरी आला तं सदऱ्याले ठिणग्यांची चाळणी झालेली, अन् तोंडावर आनंद. "केशोर," म्हणे, "अशी बातमी जन्मात एकदा मिळते. लोक आपलं जोंगल कसं वाचवतात, सारा महाराष्ट्र पाहील." चित्रं पाठवली, खाली सगळं लिहूनही पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमी जेवत होतो. टीव्ही चालू होता. चित्रं लागली. तोच धूर, तेच लोक, तीच मंगली हातात डहाळी घेऊन. अन् वरून आवाज काय, तं 'मोहफुलांसाठी आदिवासींनीच पेटवलं जंगल!' फुलं वेचाले सोपं जावं म्हणून पाचोळा जाळला म्हणे. निताईनं लिहिलेलं मुंबईत कोणी वाचलंच नाई. जंगल दिसलं, आग दिसली, आदिवासी दिसले, झालं. चोर सोडून संन्याशाले फाशी! निताईचा घास हातातच राह्यला. दिवसभर ती बातमी चालली. हा फोन करकरून थकला. कोणी म्हणे मीटिंग आहे, कोणी म्हणे बघतो.

आलापल्लीच्या बाजारात कोहकाटोल्याचे लोक मोहा घेऊन आले, तं एक दुकानदार म्हणे, "आले पाहा जंगल जाळणारे." जंगलखात्याची माणसं गावात जाऊन, कोणी पेटवलं म्हणून विचारू लागली. ज्याचं जळते त्याले कळते. मंगलीच्या हाताले फडके बांधलेले, अन् तिलेच विचारतात का आग कोणी लावली!

निताई म्हणे, "मी गावात जातो." मी म्हटलं, "मीही येते." त्या गावातले अर्धे पोट्टे माह्या हातावर जनमले आहेत. मले वाटलं, मी बोलली तं ऐकतील.

गोटुलात सारं गाव बसलं होतं. मधी झिंगू. झिंगू म्हणजे गावचा गायता, देवाधर्माचं अन् सणावाराचं तोच पाहते. बुटका, वाळका माणूस, पण बोलला का गाव चूप बसते. निताईनं खाली मान घालून सगळं सांगतलं. चित्रं माही, आवाज दुसऱ्याचा. मी लिहिलं होतं, त्याहीनं वाचलं नाई. मले राहवलं नाई. मी उठली अन् सुरू झाली, "याची काय चूक आहे? याचा सदरा पाहा! मुंबईवाल्यांनी शेण खाल्लं, अन् तुमी याले काऊन बसवून ठेवलं..."

झिंगूनं हात वर केला. "बाई, तू पाहुणी. तू पाणी पी. हे घरचं बोलणं आहे."

अशी मिरची लागली मले! पाहुणी? त्याची लेक अडली होती तवा रात्रभर कंदील धरून कोण बसलं होतं? पण सारं गाव माह्याकडं पाहून राह्यलं होतं. बसली चूप. तांब्यातलं पाणी पिली. 

निताई म्हणे, "दोंड सांगा. कोंबडा म्हणाल तं कोंबडा, दारू म्हणाल तं दारू." झिंगू म्हाताऱ्यांसंगं बोलला, बायांसंगं बोलला. खूप वेळ गेला. मंग म्हणे, "कोंबड्यानं हे फिटत नाई. खोटं जिथं बोललं गेलं, तिथंच खरं बोल. दुसऱ्याच्या तोंडानं नाई. तुह्या तोंडानं. अन् तवरक मरका पंडुम होणार नाई."

आता हे तुले समजवा लागंल. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. कोहकाटोल्यात नवा आंबा आधी देवाले अन् पूर्वजांले दाखवतात, तवरक कोणी तोंडाले लावत नाई. पडलेला उचलून चाटतही नाई. अन् त्या गावची रीत अशी, का भांडण मिटल्याशिवाय पंडुम करत नाई. म्हणजे निताईचा दंड एकट्या निताईले नाई, साऱ्या गावाले! बायांनी कपाळाले हात लावला. झाडं अशी लदलेली, चटणीचे दिवस, अन् आंब्याले हात लावाचा नाई. पण एकही बाई 'नाई' म्हणली नाई.

घरी येऊन निताईनं मुंबईले फोन केला. तिथं साक्षी म्हणून एक पोरगी आहे, कोणती बातमी घ्याची ते ठरवणाऱ्यांतली. मनानं चांगली आहे. तिनं साहेबांशी बोलून टीव्हीच्या खालच्या पट्टीत एक ओळ चालवली, का वणवा गावकऱ्यांनी विझवला. निताई खुशीत कोहकाटोल्याले गेला. तसाच परत आला. झिंगू म्हणे, "खोटं बोलून सांगतलं, मंग खरं लिहून काऊन? आमाले कुठी सगळ्यांले वाचता येते?"

बरोबरच होतं नं त्याचं! मी झिंगूवर खार खाऊन होती, पण हे मलेही पटलं.

मंग निताई साहेबांच्याच मागं लागला. मले दोन मिनिटं द्या, मी स्वतः बोलतो. साहेब म्हणे, "निताईजी, भावना समजते, पण तुमचा उच्चार प्रेक्षकांना कळणार नाही. शिवाय विषय आता जुना झाला." जुना झाला! तिकडं आंबे मोठे होऊन राह्यले होते. कोय धरली, मंग पाड लागाची वेळ आली. पडलेले आंबे पोट्टे उचलून झाडाच्या बुडाशी रचून ठेवत, अन् हात कपड्याले पुसत. माकडांले कायचा पंडुम? ते वर बसून खात अन् कोया पोट्ट्यांच्या डोक्यावर फेकत. झिंगूची लेक रीना आलापल्लीच्या बाजारात भेटली, तं म्हणे, "मावशी, निताईमामाले सांग, लवकर कर. माहा पोरगा झाडाखाली झोपून राह्यला आहे." निताईनं ऐकलं अन् त्या दिवशी तो जेवला नाई. मी पहिल्यांदा त्याले म्हातारा झालेला पाह्यलं.

मंग हत्ती आले.

माह्या भाचीचं लगन होतं, म्हणून आमी ब्रह्मपुरीले गेलो होतो. पहाटे निताई नदीकडं गेला. सवय आहे त्याची, नदी दिसली का जाते. अन् तिथी त्याले काय दिसलं, तं हत्तींचा कळप वैनगंगा पार करून राह्यला! गडचिरोलीकडून या बाजूले. मधी एक पिल्लू, आईच्या पोटाखालून पोहून राह्यलेलं, सोंड वर काढून. याची पिशवी कधी खांद्यावरून उतरत नाई. सारं टिपलं त्यानं, पिल्लू काठावर घसरून पडते अन् मागून आई ढकलते, तिथवरी.

घंटाभरात ब्रह्मपुरीत बोंब झाली. सगळ्या चॅनलांचे फोन. साक्षीचा फोन आला, "निताईजी, पिल्लाचा शॉट तुमच्याकडे आहे असं कळलं! लगेच पाठवा, लगेच!"

निताई खाटेवर बसला होता. शांतपणे म्हणे, "पाठवतो. आधी माही दोन मिनिटं. माहं तोंड, माहा आवाज, कोहकाटोल्यातून. त्यानंतर होत्ती."

रश्मी, मी त्या माणसासंगं इतकी वर्षं काढली, पण असा बोललेला मी त्याले ऐकला नव्हता. ज्या माणसानं कधी एक चित्र उशिरा पाठवलं नाई, तो आता सोन्यासारखी चित्रं मांडीवर घेऊन बसला होता. दुसऱ्या कोणी मोबाइलवर काढलं असंल तं याचं सगळं वाया जाणार होतं. नोकरीही जाणार होती, ते दोघांलेही माहीत होतं.

तिकडून साक्षी म्हणे, "अहो, पण सर म्हणतात तुमचं मराठी लोकांना..."

इथी माहा तोल गेला. मी फोन हिसकला. "ऐक बाई! त्याचं मराठी मले समजते, ब्रह्मपुरीच्या माह्या बापाले समजलं, जिले मराठी येत नाई त्या माडिया म्हातारीले समजते! तुमच्या पोराचं मराठी लय शुद्ध होतं, अन् त्या शुद्ध मराठीत त्यानं साऱ्या गावाले चोर ठरवलं! आता आमचं अशुद्ध ऐका दोन मिनिटं. तुमच्या कानांले काही होत नाई!"

 मांडवातल्या बाया हातातलं काम सोडून माह्याकडं पाहू लागल्या. मंग साक्षी हळूच म्हणे, "काकू, मी विचारते." थोड्या वेळानं तिचाच फोन आला. संध्याकाळच्या बातम्यांत, थेट.

लगन टाकून आमी निघालो. भाचीनं अजून मले माफ केलं नाई. रस्ताभर गाडीत निताईचे नुसते ओठ हालत. मी म्हटलं, बेलणं आणाले पाह्यजे होतं. तवा कुठी हासला.

कोहकाटोल्यातल्या दुकानदाराचा टीव्ही गोटुलाच्या ओसरीवर आणून ठेवला होता. मोबाइलचं नेटवर्क मोठ्या आंब्याखालीच धरते, म्हणून निताई त्या झाडाखाली उभा राह्यला, मागं पोट्ट्यांनी रचलेला आंब्यांचा ढीग. कॅमेरा कोण धरंल? मीच धरला. अशी पकड, हालवू नको, मले म्हणे. इतकी वर्षं मी लेकरं धरली, कॅमेरा काय हालवीन!

अन् मंग सुरू झालं. तिकडून मुंबईची बाई म्हणे, "आपल्यासोबत आहेत आमचे प्रतिनिधी." निताईनं तोंड फिरवून मागं आंब्याच्या ढिगाकडं पाह्यलं. मले वाटलं, गेला आता. पण बोलला, बापा!

"मी निताई बैरागी. मागं तुमी वोणव्याची बातमी पाह्यली. ती चित्रं माही होती, आवाज माहा नव्हता. त्या आवाजानं सांगतलं का या लोकांनी आग लावली. ते खोटं आहे. मी इथी उभा होतो. यांनी आग विझवली. हे पाहा." अन् त्यानं मंगलीले जवळ बोलावलं. तिनं दोन्ही हात कॅमेऱ्यापुढं धरले. भाजलेल्या जागी नवीन कातडी येऊन राह्यली होती. "हे आग लावणारे हात नाईत. माह्या चित्रांनी यांची बदनामी झाली, म्हणून मी या गावाची माफी मागतो." अन् तेच त्यानं माडियातून सांगतलं. टीव्हीवर माडिया! मुंबईत कोणाले समजलं नसंल, पण कोणी थांबवलं नाई.

टीव्हीवर सगळं थोडं उशिरा येते. म्हणून इकडं निताई बोलून चूप झाला, अन् तिकडं ओसरीवर टीव्हीतला निताई अजून माफीच मागून राह्यला होता. झिंगू एकदा याच्याकडं पाहे, एकदा त्याच्याकडं. दोघंही तेच बोलतात का, ते त्यानं शेवटपर्यंत तपासलं.

शेवटी निताई म्हणे, "कोहकाटोल्याहून, निताई बैरागी." गडचिरोली नाई म्हणला. आरशापुढं इतकी वर्षं घोकलेलं ऐन वेळी बदललं. माह्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात हालू दिला नाई. पाहून घे ती बातमी, एकदाही हालली नाई.

हत्तींची चित्रं त्यानं तिथूनच पाठवली. तवरक दुसऱ्या एका चॅनलवर कोणाचं तरी मोबाइलचं धूसर चित्र चालून गेलं होतं. साहेब रागावले. पण ते पिल्लू काठावर घसरलेलं फक्त आमच्याकडं होतं. अन् दुसऱ्या दिवशी लोकांनी चॅनलले विचारलं, तो बंगाली उच्चाराचा माणूस कोण होता, त्याले अजून दाखवा. आता तो महिन्यातून चार वेळा स्वतः बोलते. जोंगलच म्हणते. कोणाचे कान फुटले नाईत.

पण मी तुले पंडुम सांगते, कारण खरी गोष्ट तिथी आहे.

दोन दिवसांनी मरका पंडुम झाला. देवाले आंबा दाखवला, पूर्वजांले दाखवला. मंग गावानं खाली बसाचं, अन् पाहुण्यांनी बाजूच्या मोह्याखाली चटईवर. दरवर्षी आमी दोघंही त्या चटईवर बसतो. मास्तर असतात, दुकानदार असतो, एखादा साहेब असतो. गावाचं झालं का आमाले पानाच्या द्रोणात फोडी येतात. निताई नेहमीसारखा येऊन माह्या बाजूले बसला.

झिंगूनं पाह्यलं. म्हणे, "निताई, तिथी काऊन बसला?"

निताई गोंधळला. "दरवर्षी इथीच बसतो नं, दादा."

"दंड भरला नं तू?"

"भरला."

"मंग? पाहुण्याले कोणी दंड लावते का? पाहुण्याची चूक आमी पोटात घालतो, हासून निरोप देतो. दंड घरच्याले असते. ऊठ तिथून."

निताई उठला नाई.  ज्याच्या मायनं नदी विचारली अन् पेटीवर बसून राह्यली, तो तिचा लेक चटईवर बसून लहान पोट्ट्यावानी रडून राह्यला होता. मंगली आली, तिनं त्या भाजलेल्या हातांनी त्याचा दंड धरला अन् त्याले नेऊन आपल्या घरच्यांमधी बसवलं. पहिला द्रोण रीनाच्या पोरानं आणून त्याच्या हातात दिला. तवा मले समजलं, का गोटुलात झिंगूनं मले काऊन चूप बसवलं होतं. तो माहा अपमान नव्हता. त्या दिवशीच त्यानं निताईले घरात घेतलं होतं, अन् मीच येड्यावानी त्याले बाहेर ओढून राह्यली होती.

मी चटईवरून ओरडली, "अन् मी गा, झिंगू?"

"तू कुठी दंड भरला? तू पाहुणी." सारं गाव हासलं. निताई रडता रडता हासला.

तं रश्मी, ते 'मूळचे' खोड. तिथी लिही, निताई बैरागी, कोहकाटोल्याचे. कोणी पुरावा मागितला तं सांग, दंड भरला आहे. अन् मी, वैनगंगेच्या काठची, माह्या सात पिढ्या या मातीत गेल्या, मी अजून त्या चटईवरच बसते. माह्या हातून कोहकाटोल्यात एखादी मोठी चूक व्हावी, म्हणून वाट पाहून राह्यली.